पूररेषेतली बाग

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. हे आकडे उद्यान विभागाच्या टेबलावरही हवेत. नदीकाठच्या सखल जमिनीवर घर बुडाले तर संसार जातो. मैदान बुडाले तर गाळ उपसावा लागतो, इतकेच. म्हणून तिथे घरे नकोत, बाग हवी. दर पुरात बागेवरचा खर्च वाहून जातो, हा आक्षेप खोटा नाही. पण तो कारंजी, फरशा आणि (हौसेने बसवलेल्या) सिमेंटच्या प्राण्यांना लागू पडतो. हिरवळ, मातीची पायवाट, पाणी सोसणारी करंज-अर्जुनासारखी झाडे यांना फारसा नाही. काठापासून लांब राहणाऱ्यांना मात्र ही बाग पुरणार नाही. त्यांच्यासाठी सांगलीतल्या आमराई उद्यानासारखी वस्तीतली जागा लागतेच.