गाणं लावणं आणि गाणं ऐकणं

मंडळी, जुन्नर-आंबेगावकरांना ऐकायला शिकवायची गरज नाही. विठाबाईंचं नारायणगाव आपलंच. रात्रभर वग बघणारी, सप्ताहात कीर्तनाला बसणारी आपण माणसं. पण घरात काय होतं? मोबाइलवर गाणं, समोर टीव्ही, हातात निवडायची भाजी. हे गाणं लावणं झालं, ऐकणं नव्हे.

२००६ साली इटलीतल्या बर्नार्डी यांच्या गटानं २४ जणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. त्यात भारतीय रागही होता. लय जलद झाली की श्वास, नाडी, रक्तदाब वाढायचे. मधे दोन मिनिटं शांतता ठेवली, तर ते सुरुवातीपेक्षाही खाली यायचे. म्हणून एक गाणं संपलं की लगेच दुसरं लावू नका. जरा तसंच बसा.

दुसरा अभ्यास फिनलंडचा, २००८ चा. पक्षाघात, म्हणजे आपण लकवा म्हणतो, त्याचे ६० रुग्ण. उपचार सगळ्यांचे चालूच होते. एका गटानं दोन महिने रोज निदान तासभर आवडीचं संगीत ऐकलं. बोलती पुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षाही या गटाची शब्दांची आठवण आणि एकाग्रता जास्त सुधारली.

तेव्हा घरात आजी-आजोबा अंथरुणाला असतील, तर आधी त्यांना विचारा: अभंग हवा की लावणी? टीव्ही बंद करा, शेजारी बसून ऐका. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.