कॅन्सरचे दुखणे: सांगावे कसे, थांबते कशाने?

'तोंडात जखम होती, पण दुखत नव्हती, म्हणून दाखवली नाही.' 'गाठ हाताला लागत होती, पण दुखत नव्हती, म्हटलं साधीच असेल.' कॅन्सरच्या बाह्यरुग्ण विभागात ही वाक्ये वारंवार ऐकू येतात. पुढे निदान झाले की नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, 'आता खूप हाल होणार का?' दुखत नाही म्हणजे कॅन्सर नाही, हा पहिला गैरसमज. कॅन्सर आहे म्हणजे असह्य वेदना भोगाव्याच लागणार, हा दुसरा. पहिल्यामुळे निदानाला उशीर होतो आणि दुसऱ्यामुळे उपचार असूनही माणूस तळमळत राहतो.

सुरुवातीला का दुखत नाही?

कॅन्सरची गाठ म्हणजे बेसुमार वाढलेल्या पेशी. त्या पेशी स्वतः दुखत नाहीत. गाठ एखाद्या नसेवर दाब देते, हाडात शिरते, आतडे किंवा लघवीची नळी अडवते किंवा यकृतावरचे आवरण ताणते, तेव्हा दुखू लागते. गाठ लहान असताना यातले काहीच घडत नाही. म्हणून तंबाखू, मिश्री, गुटख्याची सवय असलेल्यांनी तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा आणि तीन आठवड्यांत न भरलेली जखम दुखण्याची वाट न पाहता दाखवावी. स्तनातल्या नव्या गाठीलाही हाच नियम लागू आहे.

आजार वाढल्यावर चित्र बदलते, पण तेही सरसकट नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यानुसार उपचार सुरू असलेल्या सुमारे ५५ टक्के रुग्णांना वेदना होत्या. आजार पसरलेल्या किंवा शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांत हे प्रमाण ६६ टक्के होते. बरे करण्याच्या हेतूने दिलेले उपचार संपल्यानंतरही ३९ टक्क्यांना दुखत होते. म्हणजे पसरलेल्या आजारातही साधारण तिघांपैकी एकाला वेदना नव्हती, आणि उपचार संपलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती होती. उपचारानंतरच्या या दुखण्याकडे 'आता कॅन्सर गेला ना' म्हणून दुर्लक्ष होते.

ठणका, कळ, चमक, आग

वेदना रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. ती मोजण्याचे साधन एकच, रुग्णाचे शब्द. या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. एकाच जागी रात्रंदिवस 'ठणका' लागतो आणि हालचाल केली की वाढतो, तेव्हा डॉक्टरांना हाडाची शंका येते. पोटात 'कळ' येते आणि जाते, तेव्हा आतडे किंवा नळी अडल्याचा विचार होतो. 'चमक' निघते, करंट बसल्यासारखे वाटते किंवा 'आग' होते, तेव्हा नस दुखावलेली असते. हातापायांना 'मुंग्या' आणि बधिरपणा येतो तो पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन यांसारख्या केमोथेरपीच्या औषधांमुळे असू शकतो. उजव्या बरगडीखाली 'जड' आणि ताणल्यासारखे वाटते, तेव्हा यकृत सुजलेले असू शकते.

या शब्दांवरून उपचार बदलतो. हाडाच्या ठणक्यावर त्या जागी दिलेली रेडिएशनची एकच मात्रा पुष्कळदा पुरते. नसेच्या आगीवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा प्रीगाबालिनसारखी औषधे लागतात. ती मूळची नैराश्याची किंवा फिटची असल्याने चिठ्ठी वाचून घरचे गोंधळतात. इथे ती नसेसाठी दिलेली असतात. यकृताच्या ताणावर स्टेरॉइडने आराम पडतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदनेचा मार्ग बंद करता येतो.

दुखणे किती, हे शून्य ते दहा अशा आकड्यांत विचारतात. जुन्या माणसांना ते जमत नाही, पण 'कालपर्यंत सोळा आणे होतं, आज चार आणे राहिलंय' हे ते बरोबर सांगतात. तेवढे मोजमाप पुरते.

मॉर्फिनची भीती

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग सौम्य अफूजन्य औषधे, शेवटी मॉर्फिन. २०१८ च्या सूचनांनुसार वेदना तीव्र असेल तर सर्व पायऱ्या चढत बसण्याची गरज नाही, मॉर्फिनपासूनही सुरुवात करता येते.

मात्र मॉर्फिनचे नाव काढले की घरात शांतता पसरते. 'म्हणजे आता शेवट आला', 'व्यसन लागेल', 'श्वास बंद पडेल' या तीन शंका ठरलेल्या. मॉर्फिन वेदना किती आहे ते पाहून देतात, आयुष्य किती उरले ते पाहून नव्हे. वेदना असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी घेणाऱ्या रुग्णाला व्यसन क्वचितच लागते. शरीराला औषधाची सवय मात्र होते, म्हणून ते एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात. लहान मात्रेपासून वाढवत नेले तर श्वासाचा धोकाही फार कमी राहतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा विशेष जपून ठरवावी लागते. सुरुवातीचे काही दिवस झोप आणि मळमळ येते, नंतर ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, त्यामुळे मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषध रोज घ्यावेच लागते. साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची असते. दुखेपर्यंत थांबून घेतली तर जास्त मात्रा लागते आणि आराम कमी मिळतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या मनाने सोबत घेऊ नयेत आणि औषध मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

गोळी महागही नाही. मॉर्फिन ज्यापासून बनते ती अफू मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. तरीही अनेक वर्षे ती देशातल्याच रुग्णांपर्यंत पोहोचत नव्हती. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यामुळे रुग्णालयांना अनेक परवाने लागत आणि शिक्षेच्या धास्तीने औषध दुकानदार ते ठेवीत नसत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी वाट सोपी झाली. यामागे १९९३ मध्ये कोळिकोड येथे वेदनाशमन सेवा सुरू करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची दीर्घ खटपट होती. मुंबईत तर १९८६ मध्येच शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले होते. अडचण उरली ती अंतराची. तालुक्याच्या गावी आजही ही गोळी सहज मिळत नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयातून घरी परतताना औषध किती दिवसांचे आहे आणि पुढचे जवळ कुठे मिळेल, हे विचारूनच निघावे.

रुग्ण गप्प का राहतो?

दुखते असे सांगितले तर केमो थांबवतील, आजार वाढला असे म्हणतील, पोरांना त्रास होईल, अशा विचारांनी रुग्ण सोसत राहतो. बायका विशेषतः. शिवाय घरच्यांनी आजाराचे नाव लपवलेले असेल, तर दुखण्यावर बोलायलाही जागा उरत नाही. लंडनमध्ये १९६७ साली पहिले आधुनिक हॉस्पिस काढणाऱ्या डॉ. सिसली साँडर्स यांनी शरीराबरोबर मन, नाती, पैशाची चिंता आणि श्रद्धा यांचा मिळून 'संपूर्ण वेदना' असा विचार मांडला. कर्जाच्या काळजीने झोप उडालेल्या माणसाला तेच दुखणे रात्री दुप्पट वाटते.

घरच्यांनी एक साधी वही ठेवावी. कुठे दुखते, कसे दुखते, केव्हा वाढते, गोळीने किती तास आराम पडतो आणि झोप लागते का, एवढे त्यात लिहावे. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, कूस बदलताना आक्रसणे हेही नोंदवावे. एका बाबतीत मात्र वहीत लिहीत बसू नये. कॅन्सरच्या रुग्णाची पाठ नव्याने दुखू लागली आणि सोबत पायांतली शक्ती कमी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात नेले तर चालणे वाचू शकते, उशीर झाल्यास गेलेली शक्ती बहुधा परत येत नाही.