उकिरड्याचा काळा अर्क

पावसाळ्यात उकिरड्याच्या पायथ्याशी चहाच्या रंगाचं पाणी झिरपतं. शहादा तालुक्यातल्या माझ्या आजोळी आजी आम्हा पोरांना त्या पाण्याजवळ फिरकू देत नसे, आणि सालदार मात्र तेच पाणी बादलीनं भरून वांग्याच्या वाफ्यात ओतायचा. तो रंग कशाचा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे. काळ्या जमिनीचा रंग असंच काहीसं उत्तर मिळायचं, पण ते खरं नाही. तो रंग कुजलेल्या द्रव्याचा, आणि आपल्या कापसाच्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही खालीच असतो.

माग काढत गेलो तो बर्लिनला पोचलो. फ्रान्झ कार्ल आखार्ड या रसायनशास्त्रज्ञाचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. खरं तर नंदुरबार जिल्ह्यात ते घ्यायला हवं. बीटातली साखर आणि उसातली साखर एकच, हे त्याचे गुरू मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये दाखवलं होतं. त्या शोधावरून बीटापासून साखर काढणारा जगातला पहिला कारखाना आखार्डनं सायलेशियातल्या कुनेर्न गावी उभारला. १८०२ मध्ये तिथं गाळप सुरू झालं. १८२१ मध्ये तो तिथंच हलाखीत वारला. साखरवाल्यांनी त्याची आठवण ठेवली, पण त्याआधीचं त्याचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. १७८६ मध्ये त्यानं दलदलीतली कुजकी माती, म्हणजे पीट, अल्कलीत भिजवली. गडद काळा द्राव निघाला. त्यात आम्ल घालताच काळा साका तळाशी बसला. पुढे याच द्रव्याला ह्यूमिक आम्ल म्हणू लागले. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याचा विचार करताना मला हा माणूस आठवतो. साखर आणि काळा अर्क, दोन्ही धागे त्याच्या हातात होते.

हा अर्क पाणी साफही करतो. कसं? त्याच्या रेणूंवर आम्लगट असतात. पाण्यात ते हायड्रोजन आयन सोडतात आणि ऋणभारित होतात, मग शिसं, तांबं, कॅडमियम यांचे धनभारित आयन त्यांना चिकटतात. चीनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये मॅग्नेटाइटच्या अतिसूक्ष्म कणांवर ह्यूमिक आम्लाचा थर दिला. कणांनी पाण्यातले जड धातू धरले आणि नंतर लोहचुंबकानं कणच बाहेर ओढून घेता आले. इटलीत तुरिन विद्यापीठाच्या मंडळींनी कच्चा माल कंपोस्टमधूनच घेतला. जवळच्या पिनेरोलोत ओल्या कचऱ्यातून आधी वायू काढतात, राहिलेला चोथा बागेच्या पालापाचोळ्याबरोबर कुजवतात. ते कंपोस्ट गरम अल्कलीत विरघळवून जो अर्क मिळतो, तो लोहाला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतो. फेंटन या रसायनशास्त्रज्ञानं १८९४ मध्ये नोंदवलेली लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची अभिक्रिया एरवी चांगल्याच आम्लधर्मी पाण्यात चालते. अर्काची जोड मिळाली की ती उजेडात सौम्य आम्लतेतही चालते आणि हट्टी सेंद्रिय प्रदूषकांचे तुकडे होतात.

आता या द्रव्याबद्दलच्या वादाकडे येऊ. २०१५ मध्ये योहानेस लेमन आणि मार्कुस क्लेबर यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, की मातीत ह्यूमिक आम्ल म्हणून वेगळं द्रव्य नसतंच. मातीत असतात ते कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे अवशेष, आणि आखार्डपासून आपण जे पाहत आलो ती अल्कलीची करामत. मृदाशास्त्रज्ञ खवळले. मला लेमन-क्लेबर यांचं म्हणणं पटतं. पण पाणी साफ करणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. निसर्गात ते तसंच असतं की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. अल्कलीतून निघालेलं द्रव्य धातू धरतं, एवढं त्याला पुरतं.

महाराष्ट्रानं दुसरी वाट धरली. पवईच्या आयआयटीत एच. एस. शंकर यांनी माती, खनिजं, जिवाणू, गांडुळं आणि झाडं यांचा थर रचून त्यातून सांडपाणी झिरपवलं. गांडुळांवर काम करणारे पुण्याचे उदय भवाळकर या पद्धतीच्या पेटंटात भागीदार आहेत. तिथं अर्क काढत नाहीत, जिवंत थरच घाण पचवतो. घरगुती सांडपाण्याला ते पुष्कळ आहे. धातूंचं मात्र वेगळं. धातू पचत नाही, तो फक्त अडकतो. म्हणून धातूनं भरलेला अर्क किंवा थर पुन्हा शेतात टाकणं हा माझ्या मते अपराध आहे. पाण्यातलं शिसं वांग्यात पोचवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक धोका आपल्या दाराशी आहे. मोकळा अर्क पिण्याच्या पाण्यात राहिला आणि त्यावर क्लोरीन पडलं, तर क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगं तयार होतात. रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी हे १९७४ मध्ये दाखवून दिलं. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो, तिथंही हीच रसायनं भेटतात. तेव्हा हे वाचून कुणी खताचं पाणी विहिरीत ओतू नये. अर्क कणावर किंवा थरावर पक्का बसवूनच वापरायचा असतो.

साखर कारखान्यांच्या आवारात प्रेसमडचे, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळाचे, ढीग असतात, त्यांचं कंपोस्टही होतं. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नंदुरबार येतं. तिथल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: शहाद्याच्या प्रेसमडचं पोतंभर कंपोस्ट आणा, अल्कलीत भिजवा, आणि तो अर्क किती शिसं धरतो ते मोजून छापा.