कमानपाटा वाढेल, पण ब्रेक?

नवी पेठेत आमच्या दारी धाकट्या भावाची जुनी महिंद्रा पिकअप दोन रविवार ठोकळ्यांवर होती. 1940 च्या दशकाअखेरीस मुंबईत विलीज जीप जुळू लागली, तिचीच ही नात. (अमेरिकन लष्कराच्या दप्तरी आजीबाई ‘पाव टनी ट्रक’!) कमानपाट्यांत एकेक पट्टी वाढवून चादरींचे चार गठ्ठे जास्त न्यावयाचे, असा भावाचा बेत.

मी म्हटले, ‘‘अरे, पट्टीने गाडी वाकणार नाही, पण उतारावर थांबवणार कोण?’’

चाक काढले, तो ब्रेकचे रबर वयोमानाने झिजून तेल झिरपलेले! नवे रबर बसविले. मग हवा काढावयाची: भावजय पेडल दाबून धरी, भाऊ चाकापाशी बोंडू सैल करी, बुडबुडे थांबेपर्यंत हाच खेळ.

पट्ट्या कोपऱ्यात पडून आहेत. दिवाळीचे जादा भाडे बुडाले. भाऊ माझ्याशी जेमतेम बोलतो.