तंत्रलेखन : पडद्यावरच्या शब्दांमागील करिअर

नांदेड/लातूर, प्रतिनिधी : मोबाईलवरील अॅप उघडताच दिसणारी सूचना, बटणावरील दोन शब्द किंवा यंत्रासोबत मिळणारी माहितीपुस्तिका कुणीतरी लिहिलेली असते, याचा विचार सहसा केला जात नाही. हे लेखन म्हणजे 'टेक्निकल रायटिंग' अर्थात तंत्रलेखन. वापरकर्त्याला पडद्यावर पावलोपावली वाट दाखविणारी त्याची शाखा 'यूएक्स रायटिंग' म्हणून ओळखली जाते. भाषेची जाण आणि तंत्रज्ञानाची उत्सुकता असलेल्या मराठवाड्यातील तरुणांसाठी हा विचार करण्याजोगा पर्याय आहे.

शब्दाचे मोल

या कामाचे महत्त्व आपल्याकडील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' सुरू झाली आणि पूर्वी तलाठी करीत असलेली पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून छायाचित्रासह करू लागला. ही नोंद सातबाऱ्यावर येते आणि पीककर्ज, विमा वा नुकसानभरपाईच्या वेळी तिचा आधार घेतला जातो. अशी कोणतीही नोंद करताना पडद्यावर केवळ 'अवैध माहिती' असे उमटले, तर सोयाबीन उत्पादकाला चूक उमगणार नाही. 'भरलेले क्षेत्र गटाच्या एकूण क्षेत्रापेक्षा जास्त आहे, आकडा तपासा' असे लिहिल्यास तो दुसऱ्याची मदत न घेता दुरुस्ती करू शकेल. हा फरक लेखकाने घडवायचा असतो.

कामाचे स्वरूप

तंत्रलेखक अभियंत्यांकडून माहिती घेतो, उत्पादन स्वतः वापरून पाहतो, कृतींचा क्रम लावतो आणि मसुदा प्रत्यक्ष वापरकर्त्याकडून तपासून घेतो. एका गोष्टीला सर्वत्र एकच शब्द, हा येथील पहिला नियम होय. एके ठिकाणी 'पासवर्ड' आणि दुसरीकडे 'परवलीचा शब्द' लिहिल्यास वाचक गोंधळतो. मोठ्या कंपन्यांत २००५ मध्ये मानक ठरलेल्या 'डिटा' पद्धतीने मजकुराचे सुटे भाग करून ते पुन्हा वापरले जातात.

पात्रता आणि संधी

या क्षेत्रासाठी एकच ठराविक पदवी बंधनकारक नाही. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्थेसारख्या महाविद्यालयांतील अभियंत्यांना तंत्राची, तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भाषा व पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना लेखनाची बाजू अनुकूल ठरते. दुसरी बाजू मात्र प्रत्येकाला कष्टाने कमवावी लागते. नोकऱ्या प्रामुख्याने पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथे असून बहुतांश काम इंग्रजीत चालते. त्यामुळे इंग्रजीवर प्रभुत्व हवेच. मराठीची गरज स्थानिकीकरणात भासते. देगलूर, धर्माबादकडील तेलुगू आणि उदगीर परिसरातील कन्नड यांची ओळख ही येथे जमेची बाजू ठरू शकते.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता क्षणात मसुदा तयार करते. त्यामुळे केवळ भाषांतरावर विसंबून चालणार नाही. माहिती खरी आहे का आणि वाचणाऱ्याला ती समजेल का, हे तपासणारी दृष्टी अधिक मोलाची ठरेल.

सुरुवात कशी करावी?

फवारणी पंप, बँकेचा अर्ज, महाविद्यालयाची प्रवेशप्रक्रिया असे परिचित विषय निवडून सोप्या भाषेत तीन-चार मार्गदर्शिका लिहाव्यात. त्या अनोळखी व्यक्तीच्या हाती देऊन ती कोठे अडखळते, ते पाहावे आणि मजकूर सुधारावा. मुलाखतीत प्रमाणपत्राच्या जोडीला हे नमुने उमेदवाराची खरी ओळख करून देतात.