रिव्ह्यू पटला नाही, म्हणजे रिव्ह्यूअर विकला गेला?

मार्च 2017. ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेमचं जगभर कौतुक सुरू होतं. जिम स्टर्लिंग यांनी मात्र 10 पैकी 7 गुण दिले. गेममधली शस्त्रं सारखी तुटतात, हा त्यांचा मोठा आक्षेप. मेटाक्रिटिकवरची सरासरी 98 वरून 97 वर आली आणि चाहते भडकले. क्लिक मिळवण्यासाठी मुद्दाम कमी गुण दिले, असे आरोप झाले. स्टर्लिंग यांची वेबसाइटही सायबर हल्ला करून बंद पाडली गेली. एका गुणासाठी!

आता शस्त्र तुटणं कुणाला थरार वाटतो, कुणाला कटकट. दोघंही खरंच बोलत असतात.

मग अप्रामाणिकपणा शोधायचा कुठे? पैशाच्या व्यवहारात. 2007 मध्ये गेमस्पॉट या साइटच्या जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ला 6 गुण दिले. त्याच साइटवर त्या गेमच्या मोठ्या जाहिराती झळकत होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. यामागे जाहिरातदारांचा दबाव होता, हे त्यांनी 2012 मध्ये उघडपणे सांगितलं. म्हणजे कंपनीला हवे होते जास्त गुण. आणि ‘विकला गेला’ म्हणून ट्रोल होतो तो बहुतेकदा कमी गुण देणारा.

संशय आलाच, तर आकड्यावर अडू नका. व्हिडिओ स्पॉन्सर्ड आहे का, गेम कितपत खेळलाय, कॉपी कंपनीने दिली का, हे सांगितलंय का ते बघा. फुकट कॉपी मिळणं ही या क्षेत्रातली रीतच आहे. ती लपवली असेल, तर जरूर जाब विचारा.