दोन गाण्यांच्या मधली जागा

फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून वेस्टार-६ नावाचा दळणवळण उपग्रह अवकाशात सोडला गेला. त्याची मोटर दगा देऊन गेली आणि तो भलत्याच कक्षेत जाऊन बसला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी तो अवकाशात गाठला, हातांनी धरला आणि पृथ्वीवर परत आणला. पुढे तो हाँगकाँगच्या एका कंपनीकडे गेला, दुरुस्त झाला आणि एप्रिल १९९० मध्ये चीनच्या रॉकेटवरून पुन्हा वर चढला. आता त्याचं नाव होतं एशियासॅट-१.

नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर पूर्व आणि आग्नेयेच्या मध्ये तोंड करून ज्या मोठाल्या छत्र्या उभ्या राहिल्या, त्यातल्या पहिल्या छत्र्या या उपग्रहाकडे बघत होत्या. त्यांच्यातून काळी केबल निघायची, गच्चीच्या कठड्यावरून खाली यायची आणि खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून घरात शिरायची. आमच्याकडे ते भोक केबलवाल्याच्या पोऱ्याने पाडलं. आईने त्यात कागदाचा बोळा कोंबला, पावसाचं पाणी येऊ नये म्हणून. त्या भोकातून चॅनेल व्ही आमच्या घरात आलं.

हे चॅनेल मुळात भांडणातून जन्माला आलं. हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या उद्योगसमूहाने १९९१ मध्ये स्टार टीव्ही सुरू केला तेव्हा संगीतासाठी त्यांनी अमेरिकेच्या एमटीव्हीला सोबत घेतलं होतं. १९९३ मध्ये रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि वर्षभरात एमटीव्ही आणि स्टार यांची फारकत झाली. पडदा तर रिकामा ठेवता येत नव्हता. म्हणून १९९४ मध्ये त्याच जागी स्टारने स्वतःचं संगीत चॅनेल उभं केलं. पुढच्याच वर्षी ईएमआय, सोनी, वॉर्नर आणि बीएमजी या जगातल्या चार बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी मिळून त्यात निम्मी भागीदारी घेतली.

एशियासॅटचे दोन झोत होते. उत्तरेचा झोत चीन-तैवानवर पडायचा, दक्षिणेचा आपल्यावर. त्यामुळे एकाच चॅनेलला दोन तोंडं फुटली. तिकडे मँडरिन गाणी, इकडे हिंदी. चॅनेल व्हीने पहिल्यांदा ओळखली ती हीच गोष्ट, की या देशातल्या तरुण मुलांना मायकेल जॅक्सन हवा आहे, पण त्याच्या पाठोपाठ ए. आर. रहमानही हवा आहे. इंग्रजी गाण्यानंतर हिंदी गाणं लावण्यात काही कमीपणा नाही, हे त्यांनी एमटीव्हीच्या आधी जाणलं. एमटीव्ही १९९६ मध्ये स्वतंत्र भारतीय वाहिनी घेऊन परतलं तेव्हा त्यांनाही हीच वाट धरावी लागली.

गाणी तशी कुणीही लावू शकलं असतं. चॅनेल व्हीचं खरं कसब दोन गाण्यांच्या मधल्या जागेत होतं. तीस-चाळीस सेकंदांची ती जागा त्यांनी एखाद्या लघुकथेसारखी वापरली. क्विक गन मुरुगन आठवतो का? हिरवा शर्ट, बिबट्याच्या कातड्याच्या छापाचं जाकीट, डोक्यावर काउबॉयची टोपी, आणि पक्का शाकाहारी. राजेश देवराज यांनी लिहिलेलं आणि शशांक घोष यांनी दिग्दर्शित केलेलं हे पात्र १९९४ मध्ये चॅनेलच्या जाहिरातीपुरतं जन्माला आलं. त्याचं ‘माइंड इट’ शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरापोरांच्या तोंडी झालं, आणि २००९ मध्ये त्याच्यावर अख्खा चित्रपट निघाला. एखाद्या वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातीतल्या पात्राने पंधरा वर्षं लोकांच्या डोक्यात घर करून राहावं, असं दुसरं उदाहरण मला आपल्याकडे सापडत नाही. मुनीश मखिजा यांचा हरियाणवी उधम सिंग त्याच घराण्यातला. केरळी लोला कुट्टीच्या वेषातल्या अनुराधा मेनन तर पाहुण्यांच्या मुलाखती घेत घेत त्यांची पार फिरकी घ्यायच्या.

‘वी आर लाइक धिस ओन्ली’ हे चॅनेलचं घोषवाक्य होतं. शाळेत ज्या इंग्रजीसाठी पट्टी बसायची, ती इंग्रजी पडद्यावर छाती पुढे काढून उभी होती. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलांना तिने किती धीर दिला, ते आज शब्दांत पकडणं अवघड आहे. निवेदिका रुबी भाटिया कॅनडातून आलेल्या. त्यांचं हिंदी अडखळायचं, तरी त्या बिनधास्त बोलायच्या. जावेद जाफरी ‘टाइमेक्स टाइमपास’मध्ये दहा आवाज काढायचे आणि ‘व्हिडिओकॉन फ्लॅशबॅक’मध्ये जुनी गाणी घेऊन यायचे. ल्यूक केनी, सोफिया हक, मेघना रेड्डी ही सगळी मंडळी आधी आणि गाणं मग, असंही कित्येकदा व्हायचं.

आता गाण्यांकडे येतो. गाणं सुरू झालं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काही ओळी उमटायच्या: गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, कंपनी. काही सेकंद राहायच्या आणि विरून जायच्या. गाणं संपताना पुन्हा एकदा. मी वही घेऊन बसायचो. पहिल्या वेळी नाव अर्धंच लिहून व्हायचं, उरलेलं शेवटी पुरं करायचो. मधेच दिवे गेले तर पुढच्या फेरीची वाट बघायची. चित्रपटाच्या गाण्यात पडद्यावर नट ओठ हलवतो आणि गायक मागे राहतो, ही आपली जुनी रीत. इथे गायक स्वतःच्या चेहऱ्यानिशी, स्वतःच्या नावानिशी समोर उभा राहायचा. नव्वदच्या दशकातल्या बिगरफिल्मी गाण्याचं सगळं बळ त्या चार ओळींच्या पाटीत होतं. गीतकाराला मात्र तिच्यात क्वचितच जागा मिळायची. विविधभारतीवर वाढलेल्या कानांना ते खटकायचं आणि मला आजही खटकतं.

पण त्या पाटीखाली काय काय येऊन गेलं! १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचं ‘मेड इन इंडिया’ आलं. बिद्दूंचं संगीत, केन घोष यांचं दिग्दर्शन आणि पेटीतून बाहेर येणारा आपला मिलिंद सोमण. लकी अली यांचं ‘ओ सनम’ इजिप्तच्या वाळूत चित्रित झालं होतं. हरिहरन आणि लेस्ली लुईस यांनी ‘कलोनियल कझिन्स’ केलं. शुभा मुद्गल यांच्यासारखी ख्याल-ठुमरीची बैठक असलेली गायिका ‘अब के सावन’मधून कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचली. आणि आशाताई! १९९७ मध्ये साठी ओलांडलेल्या आशा भोसले ‘जानम समझा करो’ घेऊन आल्या आणि नातवंडांच्या वयाच्या मुलांनी त्यांना आपलंसं केलं. नाट्यगीतापासून पॉपपर्यंतचा तो पल्ला दुसऱ्या कुणाला झेपला असता असं मला वाटत नाही. पुढे २००२ च्या सुमारास वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचं ‘ऐका दाजीबा’ आलं. मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण पडद्यावर होते, आणि मराठी ठेका संगीत वाहिन्यांच्या चौकटीत दिमाखात बसला. निव्वळ मराठी गाण्यांची वाहिनी, ‘९एक्स झकास’, यायला २०११ उजाडलं.

२००२ मध्ये चॅनेल व्हीने ‘पॉपस्टार्स’ केलं. ही कल्पना मूळची न्यूझीलंडची, १९९९ ची: देशभर फिरून मुली निवडायच्या, त्यांचा गट बांधायचा आणि ते बांधणंच प्रेक्षकांना दाखवायचं. त्यातून पाच जणींचा ‘व्हिवा’ हा गट निघाला. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा त्यातल्याच. पुढच्या वर्षीच्या ‘आसमा’ गटातून नीती मोहन पुढे आल्या. गट फार टिकले नाहीत, गळे टिकले. ते चित्रपटांकडे गेले. ‘व्हिवा’ निघाला तेव्हा ‘इंडियन आयडॉल’ यायला अजून दोन वर्षं होती.

मग चॅनेल व्ही बंद का पडलं? मोबाइलने मारलं, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. संगीत वाहिनीचा हिशोब पहिल्यापासून नाजूक होता. व्हिडिओ रेकॉर्ड कंपनी स्वतःच्या खर्चाने करायची आणि चॅनेलला द्यायची. चॅनेलला कार्यक्रम जवळपास फुकट मिळायचा, कंपनीला जाहिरात मिळायची आणि खर्च निघायचा तो दुकानातल्या कॅसेटवर. म्हणजे पडद्यावरची सगळी झगमग ग्राहकाने गल्ल्यावर ठेवलेल्या पैशांवर उभी होती. नव्या शतकात एमपीथ्रीच्या एका चकतीवर शंभर-दीडशे गाणी फूटपाथवर मिळू लागली आणि तो गल्ला आटला. कॅसेट खपेना, तर कंपनी व्हिडिओ कशाला करील? स्वतंत्र गायकांचे व्हिडिओ आटले आणि रिकाम्या जागेत चित्रपटांच्या जाहिरातीची गाणी शिरली. तीच गाणी आठ वाहिन्यांवर लागू लागली, तेव्हा अमुकच वाहिनी बघण्याचं कारण उरलं नाही. यूट्यूब आलं ते या सगळ्यानंतर.

त्यात गाण्याच्या वाहिनीवर प्रेक्षक ठरत नाही. गाणं आवडलं नाही की बोट रिमोटवर जातं. मालिका अर्धा तास धरून ठेवते. म्हणून चॅनेल व्ही हळूहळू मालिकांकडे सरकलं: ‘दिल दोस्ती डान्स’, ‘गुमराह’, ‘सड्डा हक’. १ जुलै २०१२ पासून त्यांनी गाणी लावणंच थांबवलं. ‘सड्डा हक’मध्ये इंजिनिअरिंगला जाणारी जिद्दी मुलगी होती, आणि अशी नायिका त्या वेळी टीव्हीवर दुर्मीळ होती, हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. तरीही गाणी सोडली तिथेच चॅनेल व्ही संपलं, असं माझं मत आहे. २०१६ च्या जूनअखेर मालिका थांबल्या आणि गाणी परत आली. पण ती नुसती एकामागून एक लागत होती. मधल्या जागेत कुणी नव्हतं.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातलं चॅनेल व्ही बंद झालं. २०१९ मध्ये स्टार डिस्नेच्या ताब्यात गेलं. शेवटी भारतातलं चॅनेल व्हीही बंद झालं. वर्तमानपत्रांत बातमी आली, ती आतल्या पानावर.

मला सलते ती वेगळी गोष्ट. क्विक गन मुरुगनच्या मूळ जाहिराती, पहिल्या दहा वर्षांतले निवेदनाचे तुकडे, कोपऱ्यातल्या पाटीसकट लागलेली गाणी आज एका जागी बघायची सोय नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटांची रिळं जपली जातात. छापलेल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी असा १९५४ चा कायदा आहे. खासगी वाहिनीला मात्र आपलं प्रक्षेपण ९० दिवस सांभाळायचं बंधन आहे. त्यापुढे ते मालकाच्या मर्जीवर. गाणी कंपन्यांकडे आहेत म्हणून ती वाचली. मधली जागा कुणाच्याच मालकीची नव्हती, म्हणून ती गेली.

ती थोडीफार उरली आहे ती लोकांच्या घरात. त्या काळी व्हीसीआर असलेल्या घरांतून टीव्हीवरची गाणी सर्रास टेप व्हायची. ती फीत आता पंचवीस-तीस वर्षांची झाली आहे. तिच्यावरचा चुंबकी थर झिजतो आणि दमट हवेत तिला बुरशी धरते. ती चालवायचं यंत्रही दुर्मीळ होत चाललं आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. जुन्या फिती संगणकावर उतरवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत, पण त्यांच्याकडची यंत्रंही जुनीच आहेत.

तेव्हा तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर ती रद्दीत घालू नका. येत्या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढा आणि उतरवून घ्या. कडेच्या कागदी पट्टीवर ‘ताईचं लग्न’ लिहिलेलं असलं तरी शेवटपर्यंत चालवून बघा. लग्न संपल्यावर उरलेल्या फितीवरच आम्ही गाणी टेप करत होतो.